खिडकीतलं तांबडं पाणी

नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती. दुपार कलली की ऊन थेट ओट्यावर यायचं आणि आई दूध-दही उचलून जाळीच्या कपाटात ठेवायची. खिडकीच्या रुंद कठड्यावर काय ठेवायचं हे फक्त आई ठरवायची. कधी हळद-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, कधी ताटात पसरलेले सांडगे, कधी वाळत घातलेल्या मिरच्या. ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्या उन्हाळ्यात मात्र आईने तो कठडा मला दिला होता. तिथे काचेचे चंबू ओळीने उभे होते. त्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे होते, वर तपकिरी कागद दोऱ्याने बांधलेला, आणि आत टोमॅटोच्या सारासारखं तांबडं पाणी. ऊन त्यातून आरपार गेलं की समोरच्या भिंतीवर तांबूस डाग पडायचे आणि आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "खाऱ्या मासळीवर असलं तांबडं दिसलं की मी उचलून फेकून देते. आणि ही बाई ते काचेत घालून पोसते आहे!"

इरा, निहार, तुम्ही दोघांनी ते घर पाहिलेलं नाही, आणि आता पाहण्यासारखं काही उरलेलंही नाही. तिथे मोठी इमारत आहे, खाली दवाखाने आणि चष्म्याचं दुकान. मी माजिवड्याला राहायला आल्यापासून त्या बाजूला जाणं क्वचितच होतं. आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे लांबट गॅलरी. घरात आम्ही तिघं: आई, नाना म्हणजे माझे वडील, आणि मी. माझी मोठी बहीण कुसुमताई टिटवाळ्याला दिली होती. नाना सरकारी कचेरीत होते, मितभाषी आणि शिस्तीचे. शिस्त मी त्यांच्याकडून घेतली. तुमचा बाबा त्यावरून माझी चेष्टा करतो ते मला माहीत आहे. घरात सकाळी खोबरं खवण्याचा आवाज असायचा, दुपारी शेजारच्या रेडिओचा, आणि संध्याकाळी पाणी ओतल्याचा. तिन्हीसांजेला घरातलं कुठलंच भांडं कोरडं असू नये, अशी आमच्याकडे रीत होती. देवापुढे दिवा लावायच्या आधी आई तांब्या घेऊन घरभर फिरायची. पिंप, कळशी, देवघरातली लोटी, तुळशीचं आळं, चिमण्यांसाठी गॅलरीत टांगलेली करवंटी. जे जे आटलेलं दिसेल ते ती काठोकाठ भरायची. त्या आवाजावरून आता दिवा लागणार हे मला पुस्तकातून मान वर न करता कळायचं.

मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. आमच्या नात्यात एवढं शिकलेली मुलगी नव्हती, आणि जे शिकत होते ते कोणाला सांगता येण्यासारखंही नव्हतं. 'जंतूंचं शिकते' एवढंच आई सांगायची, आणि ऐकणारी बाई पदर जरा जवळ ओढून घ्यायची. मला शिकवायला मराठे बाई होत्या. ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय. लग्न केलेलं नव्हतं. कितीतरी वर्षं त्या प्रत्येक उन्हाळ्यात खाडीकडच्या मिठागरांवर जाऊन तांबडं पाणी आणत होत्या. मीठ धरायच्या सुमाराला तिथलं पाणी तांबडं होतं, ते त्यात वाढणाऱ्या जीवांमुळे. इतक्या खाऱ्या पाण्यात दुसरं काहीच जगत नाही. पहिल्यांदा मी बाईंबरोबर गेले तेव्हा आगरात काम करणारी सोनीबाय कमरेवर हात ठेवून हसत उभी होती. "ही मास्तरीण दरसाल येते नं लाल पानी नेते," ती मला म्हणाली. "अगो, मीठ सोरून पानी कशाला नेतंस? हिच्या घरा कोनी जेवत नाय वाटतं!" बाईंनाही हसू आलं होतं. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

प्रयोगशाळेत त्या पाण्याने पहिल्याच आठवड्यात मला रडवलं. सूक्ष्मजीव पाहायची रीत सगळीकडे सारखीच असते. काचपट्टीवर थेंब पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, रंग घालायचा आणि नळाखाली धुवायचं. मी तसंच केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीही नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा कोरी पट्टी. चंबूत तांबडं पाणी गच्च भरलेलं आणि काचेवर कोणी नाही! मला वाटलं माझ्याच हाताला वळण नाही. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नळाने धुतलंस ना? मग कसे दिसतील? ते गोड्या पाण्यात फुटतात. आत बाहेर दोन्हीकडे क्षारच क्षार, त्याच्या आधारावर ती भिंत उभी असते. बाहेरचं मीठ काढलंस की भिंत ढासळली. बॅक्टेरिया असे वागत नाहीत, वसू."

त्या शेवटच्या वाक्यासाठी त्यांनी आयुष्य घालवलं होतं. इरा, तू मला तुझ्या शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो पाठवलास. एका झाडाला तीन मोठ्या फांद्या, एकीवर बॅक्टेरिया, एकीवर आर्किया, आणि तिसरीवर आपण सगळे, म्हणजे झाडं, बुरशी, हत्ती आणि तू. खाली लिहिलंस, 'आजी, तुला हे माहीत होतं का?' तेव्हाच ठरवलं की हे प्रकरण लिहायचं. आमच्या वेळी त्या झाडाला तीन फांद्या नव्हत्या. जगात दोनच पंक्ती मानत. पेशीत केंद्रक असलेल्यांची एक आणि केंद्रक नसलेल्यांची एक. दुसऱ्या पंक्तीत जो बसला तो बॅक्टेरिया, विषय संपला. सूक्ष्मदर्शकाखाली दोघं दिसतातही सारखे, बारीक काड्या नाहीतर गोळे. बाई म्हणायच्या, "एका पंक्तीत बसले म्हणून काही एका घरातले होत नाहीत." त्यांनी मला एकेक फरक दाखवला. बॅक्टेरियांची भिंत एका ठरावीक पदार्थाने विणलेली असते, आणि पेनिसिलिन ती वीण थांबवतं म्हणून ते मरतात. आमच्या तांबड्या जीवांच्या भिंतीत तो पदार्थच नव्हता, पेनिसिलिन त्यांच्या गावीही नव्हतं. पेशीभोवतीच्या पडद्यातली चरबी बॅक्टेरियांची आणि आपली एकाच प्रकारच्या सांध्याने जोडलेली असते. यांचा सांधा निराळा आणि चरबीच्या साखळ्यांना फांद्या फुटलेल्या. उलट, पेशीच्या आत सूचना वाचून काम करणारी जी यंत्रणा असते, ती यांची बॅक्टेरियांपेक्षा आपल्याच यंत्रणेशी जास्त जुळते. म्हणजे जे बॅक्टेरियांचे भाऊ समजले जात होते ते खरं तर आपल्या जवळचे निघत होते. आता तर काही शास्त्रज्ञ म्हणतात की आपली फांदी त्यांच्याच फांदीतून फुटली. हे वाचलं तेव्हा मला बाईंना सांगावंसं वाटलं, पण सांगायला बाई नव्हत्या.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्याच्या आधीच परदेशात कोणीतरी हे म्हटलं होतं. दलदलीत आणि गुरांच्या पोटात गॅस तयार करणारे काही जीव बॅक्टेरिया नाहीतच, त्यांचा गट वेगळा, असा तो लेख होता. पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या भागाच्या घटकांचा क्रम, म्हणजे जणू त्याची अक्षरं, जुळवून त्यांनी नातं शोधलं होतं. ते नियतकालिक आमच्याकडे बोटीने यायचं, फार उशिरा. बाईंनी तो लेख मला वाचायला दिला. "आपलेही त्यातलेच," त्या म्हणाल्या. "अक्षरं जुळवून दाखवायला पाहिजेत." ते काम आमच्याकडे करता येण्यासारखं नव्हतं.

आमच्या विभागप्रमुखांना मात्र हे सगळं खूळ वाटायचं. प्रत्येक नळीवर प्रजाती आणि जाती लिहिलेली असलीच पाहिजे, हा त्यांचा नियम होता. बाईंनी मिठागराच्या नळ्यांवर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. बॅक्टेरियाचं नाव लिहायला त्यांचा हात धजेना आणि दुसरं नाव अजून कोणी दिलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीआधी विभागाची साफसफाई झाली, तेव्हा सरांनी त्या सगळ्या नळ्या वाफेच्या भांड्यात घालून निर्जंतुक करायला लावल्या. बाई दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत गेल्या. मी दाराबाहेर उभी होते.

"मराठे बाई, नळीवर प्रजाती नाही, जाती नाही. मी काय समजायचं?"

"सर, आधी मला विचारायला हवं होतं."

"प्रश्नचिन्हं साठवायला हा विभाग नाही. नाव लिहा, मी कपाट देतो."

म्हणून उरले ते फक्त माझ्या घरचे चंबू. सुट्टीत प्रयोगशाळेची वीज बंद असायची आणि या जीवांना ऊब आणि ऊन लागतं, म्हणून बाईंनीच ते मला घरी न्यायला सांगितले होते. ते फार सावकाश वाढतात. बॅक्टेरिया एका रात्रीत जेवढे वाढतील तेवढे वाढायला यांना आठवडे लागतात. आमच्या खिडकीत ते चांगले वाढले.

त्याच सुमाराला दोन गोष्टी एकदम झाल्या. मुंबईच्या एका संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ पावसाळ्याच्या तोंडाशी परदेशी चालले होते, अक्षरं जुळवण्याचं काम जिथे चालायचं तिथे. बाईंनी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "जिवंत नमुना द्या, घेऊन जातो. वर्णनं नकोत. आणि ही मुलगी काम करणारी असेल तर परत आल्यावर मी तिला माझ्याकडे घेतो." दुसरी गोष्ट म्हणजे डोंबिवलीहून स्थळ आलं. मुलगा चांगला होता, नोकरी पक्की होती, माणसं साधी होती. त्यांना दिवाळीआधी लग्न हवं होतं आणि सुनेने नोकरी केली तर चालेल, पण जवळपासची. नानांनी मला गॅलरीत बोलावलं. आई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"तुझा तो नमुना गेला आणि त्या साहेबांचं पत्र आलं, तर मी डोंबिवलीकरांना नाही म्हणून कळवतो," नाना म्हणाले. "नाही आलं तर तू हो म्हणायचंस. मग रडारड नको."

"अहो, पोरीशी काय कचेरीतल्यासारखं बोलता?" आई म्हणाली.

"तिला चालतंय ते. चालतंय ना गं?"

मला चालत होतं. सरळ वाटा आणि स्पष्ट अटी मला तेव्हाही आवडायच्या. आणि माझं सगळं तर खिडकीत उभंच होतं.

बाई शनिवारी नमुना घेऊन संस्थेत जाणार होत्या. त्याच्या आधी टिटवाळ्याहून निरोप आला की कुसुमताईच्या सासूबाईंना विषमज्वर झाला आहे, घरात लहान मूल, ताईला एकटीला झेपत नाही. नात्यात कुठे अशी अडचण आली की लग्न न झालेली मुलगी जायची. यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मी आईला चंबूंपाशी नेलं आणि सांगितलं, "हे हलवू नकोस, कोणाला हात लावू देऊ नकोस, टाकू तर मुळीच नकोस. यावर माझं सगळं आहे." आईने माझ्या गालावर हात ठेवला. "अगं, तुझं ते माझं नाही का? जा निर्धास्त."

टिटवाळ्याला मी आठवडाभर होते. ताईच्या घरी तेव्हा विहिरीचं पाणी होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की उकळल्याशिवाय एक थेंब कोणी प्यायचा नाही. सकाळ-संध्याकाळ चुलीवर पातेलं खदखदत असायचं. सासूबाई तापात बडबडत आणि मी त्यांच्या कपाळावरच्या घड्या बदलत बसे. घरी खुशाली कळवली तेव्हा मी आईलाही लिहिलं की साथ आहे, तुम्हीही पाणी उकळून, गाळून घ्या. ते बॅक्टेरियांचं दुखणं होतं आणि बॅक्टेरियांवरचा तो उपाय बरोबरच होता. सासूबाई वाचल्या.

शुक्रवारी दुपारी मी परत आले. जिन्यातच सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोलंबीच्या, खिचडीचा वास आला, म्हणजे आई माझी वाट बघत होती. दार उघडून ती मला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"बघ! एकालाही धक्का लावू दिला नाही. भांडी घासायला येते ना ती शेवंता, तिलाही खिडकीजवळ फिरकू दिलं नाही. उन्हाने निम्मं आटलं होतं गं, कडेला नुसतं मीठ दिसत होतं. मग दिवा लावायच्या वेळी रोज भरत गेले. आणि घाबरू नकोस, नळाचं नाही घातलं. तू लिहिलंस तसं खळखळून उकळलं, दुपदरी फडक्यातून गाळलं, निववलं आणि मग घातलं. तुझे जंतू आजारी पडायला नकोत!"

मी तळाशी चार बोटंच पाणी ठेवलं होतं; आता सगळे चंबू गळ्यापर्यंत भरलेले होते. पाणी फिकं गुलाबी झालं होतं, पातळ कोकम सरबतासारखं नितळ. मी एक उचलून तिरका केला. आतलं पाणी पाण्यासारखं हललं नाही. अंड्याच्या पांढऱ्यासारखं जाड, सावकाश काचेवरून सरकलं. पेशी फुटल्या की त्यांच्या आतलं सगळं पाण्यात मिसळतं आणि पाणी असं चिकट होतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं.

"रंग जरा उतरलाय," आई म्हणाली. "पाणी वाढलं म्हणून असेल, नाही?"

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच."

"मग ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"चल, हातपाय धू. खिचडी गरम आहे."

मी हातपाय धुतले आणि खिचडी खाल्ली. आई समोर बसून तूप वाढत होती आणि सासूबाईंचा ताप कसा उतरला ते विचारत होती. मी सगळं सांगितलं. तिच्या हातची सोड्यांची खिचडी फार चांगली व्हायची, त्या दिवशीही झाली होती. मी अजूनही करते, पण माझ्या हाताला ती चव नाही आणि तुमच्या देशात सोडे मिळत नाहीत.

संध्याकाळी एक चंबू पिशवीत घालून मी बाईंकडे गेले. त्या दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायच्या. त्यांनी तो उजेडाकडे धरला, तिरका केला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"पाणी कोणी घातलं?"

"आईने."

"उकळून?"

"उकळून, गाळून, निववून."

बाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला. "म्हणजे इतकी काळजी घेतली त्यांनी," त्या म्हणाल्या. मग चष्मा पदराने पुसत, "बॅक्टेरिया असते तर त्यातले काही जगले असते. ते बॅक्टेरिया नाहीत याचा यापेक्षा चांगला पुरावा मला मिळाला नसता. पण तो पाठवता येत नाही."

"आपण पुन्हा आणू या ना, बाई. उद्या सकाळीच जाऊ या."

"मिठागरं बंद झाली, वसू. परवाच्या वळवाने सगळं धुऊन निघालं. आणि आणलं तरी वाढायला आठवडे लागणार. ते साहेब बुधवारी निघतात."

तरी आम्ही प्रयत्न केला. दुकानातून खडे मीठ आणून त्याच्यावर आशा ठेवली, कारण हे जीव मिठाच्या खड्यात झोपून राहू शकतात असं बाईंनी वाचलं होतं. नळ्या खिडकीत ठेवल्या. बुधवार आला तेव्हा त्या नळ्यांत स्वच्छ, रंगहीन मिठाचं पाणी होतं. शास्त्रज्ञ गेले. जाण्यापूर्वी त्यांनी बाईंना एवढंच म्हटलं की पुढे कधी जमलं तर बघू.

नानांनी विचारलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. "नमुना गेला का?"

"नाही. मेला."

"जंतूच तो," नाना म्हणाले. त्यांनी हे वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. आईचा वाढता हात थांबला.

"अगं, मेला? मी तर एवढं जपलं होतं. माझ्याकडून काही..."

"तुझ्याकडून काही नाही, आई. उन्हाळ्यात असं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली आणि नानांना आमटी वाढली. डोंबिवलीला होकार कळवला गेला.

तुमचे आबा भले गृहस्थ होते, हे तुम्हाला माहीत आहे आणि इथे पुन्हा सांगायची गरज नाही. त्यांनी मला कधी दुखावलं नाही. पण इराने फोनवर विचारलं होतं की लग्नानंतर तू संशोधन का केलं नाहीस, तर त्याचं खरं उत्तर असं की ती जी एक वाट होती ती त्या उन्हाळ्यातच होती, नंतर नव्हती. प्रबंधात मी तो जीव बॅक्टेरिया म्हणूनच लिहिला, कारण नाव लिहिल्याशिवाय सही मिळत नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात मिठागरात पाणी पुन्हा तांबडं झालंच असणार, ते दरवर्षी होतं. पण तेव्हा मी डोंबिवलीत चाळीच्या नळावर नंबर लावून उभी होते आणि तुमचा बाबा पोटात होता. बाई एकदा एकट्या जाऊन पाणी घेऊन आल्या असं ऐकलं. त्यांच्यासाठी ते कोणी कुठे नेलं नाही. दरम्यान दुसऱ्या देशांतल्या खाऱ्या तळ्यांतले असेच जीव तपासले गेले आणि ते त्या नव्या गटातले, म्हणजे आजच्या आर्कियातले, ठरले. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. ते बरोबर ठरायला बाईंची गरज लागली नाही, इतकंच. निवृत्त झाल्यावर त्या त्याच खोलीत राहिल्या. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं, पण मिठागराचा विषय काढला तर खांद्यावरून पलीकडे बघत राहिल्या.

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि वर्षानुवर्षं मुलांना सजीवांचे पाच गट शिकवले. पहिल्या गटात सगळे केंद्रक नसलेले, एकाच पंक्तीत. पुस्तकात तसं होतं आणि परीक्षेत तेच यायचं. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, ह्यातले सगळे सेम असतात का?" मी म्हटलं, "परीक्षेपुरते सेम असतात." वर्ग हसला. मीही हसले. आर्किया हा शब्द शालेय पुस्तकात आला तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती आणि तो धडा दुसऱ्याच बाईंकडे होता.

निहार म्हणेल, आजी, एवढं काय त्यात, एक नमुना तर होता. खरं आहे. आर्किया कोणाला आजारी पाडत नाहीत, निदान असा एकही अजून सापडलेला नाही. म्हणून त्यांचा कोणाला धाक नाही, आणि धाक नाही म्हणून डॉक्टर त्यांना शोधत नाहीत. ते खाडीत होते, गुरांच्या पोटात होते, आपल्या स्वतःच्या आतड्यात आहेत, आणि माणसाने त्यांना ओळखलं नाही तरी त्यांचं काही अडलं नव्हतं. एका मुलीने ओळखलं असतं किंवा नसतं, काय फरक पडला असता. मीही स्वतःला हेच सांगते. याने बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण नाही वाटत.

नाना गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि शेवटपर्यंत होती. म्हातारपणी तिला जुन्या गोष्टी फार स्पष्ट आठवत. तिची उस्तवार करायला संगीता नावाची मुलगी यायची, तिला ती सगळं पुन्हा पुन्हा सांगायची. एक दुपार मला आठवते. मी पलीकडे कपडे घड्या करत होते आणि आई पलंगावर उशीला टेकून बसली होती.

"आमची वसू फार हुशार होती," ती संगीताला म्हणाली. "परदेशातून बोलावणं यायचं होतं तिला. जंतू पाळले होते तिने, लाल लाल. आणि ती नव्हती तेव्हा मी सांभाळले ते. रोज पाणी उकळून, गाळून. एक दिवस चुकवला नाही."

"हो का आजी?" संगीता म्हणाली. "मग काय झालं?"

"काय व्हायचं! हिनेच मनावर घेतलं नाही. स्थळ आलं आणि दिलं सोडून." आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, जुनं, मुरलेलं वाईट वाटणं होतं. "मी एवढं जपलं होतं गं. तूच सोडलंस, नाही का?"

संगीता माझ्याकडे बघत होती. मी हातातली चादर घडी करून बाजूला ठेवली.

"हो आई," मी म्हटलं. "मीच सोडलं."